राशीपाशी सांगितलेलं नाव

काजूचा वास कुणाला गोड लागतो, कुणाला आंबूस. मला यंदा तो नकोच होता. पण वास काही विचारून येत नाही. शिगमा सरला आणि एका सकाळी दार उघडलं, तर तो डोंगरावरून उतरून थेट अंगणात येऊन उभा. मी दार पुन्हा लावून घेतलं. भर उन्हाळ्यात दार लावून आत बसलेला म्हातारा बघून शेजारणीने सुनेला विचारलंसुद्धा, मामंजींना बरं नाही का म्हणून.

बरं होतं. बायको नव्हती, एवढंच. गेल्या साली काजू संपता संपता ती गेली. त्यामुळे काजूचा वास आला की मला तिचं जाणं आठवायचं की तिचं असणं, हे माझं मलाच ठरवता येईना. झाडाखाली बोंडं पडत होती, पिवळी, तांबडी, आणि पडल्या जागी फुटून सडत होती. आमच्या पेडण्यात झाडाखाली काजू कुजू देणं म्हणजे दूध उकिरड्यावर ओतण्यासारखं आहे. चुलतभाऊ येऊन म्हणाला, तुला जमत नसेल तर यंदा मी वेचतो. मी म्हटलं, पडू दे. तो माझ्याकडे बघत राहिला आणि गेला. डोंगरावरून विमान गेलं. मोप्याला विमानतळ झाल्यापासून ती सारखी जातात. माणसं कुठल्या कुठे जातात. माझी बायको मात्र त्या विमानांच्याही वर गेली आणि खाली आलीच नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. उमेदीची सगळी वर्षं डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवला. मातीने भरायचा, नदीकाठी रिकामा करायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा घरी आलो आणि बायकोबरोबर काजू वेचायला लागलो. लिहिण्याचा आणि माझा संबंध नाही. तरी लिहितो आहे, कारण जे झालं ते बोलून सांगायला गेलो तर माझा आवाज नीट राहत नाही.

तर असाच दार लावून बसलो होतो आणि नात मनाली मोबाईल घेऊन आली. कॉलेजात जाते. म्हणाली, आजोबा, हे बघाच. मी म्हटलं, मला काही बघायचं नाही. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला.

फोनात अबेना होती.

ही अबेना म्हणजे आफ्रिकेतल्या घाना देशातली मुलगी. काही वर्षांपूर्वी आमच्या मागल्या खोलीत भाड्याने राहत होती. आता तिच्या देशात टीव्हीवर तिचा स्वतःचा कार्यक्रम चालतो. मोठमोठी माणसं तिच्यासमोर येऊन बसतात आणि बोलतात. मनाली म्हणते, तिथे सकाळी दुकानं उघडण्याआधी लोक तिला बघतात. डोक्याला रंगीत फडकं, कानांत मोठे डूल, अंगावर झेंडूसारखा पिवळा झगा. चेहरा मात्र तोच, आमच्या मागल्या पायरीवर बसून आंबाड्याची आमटी ओरपणारा.

पण माझी नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती. ती आणि समोरचा पाहुणा यांच्या मधोमध एक टोपली होती. टोपलीत शेंगा होत्या, भुईमुगाच्या. पाहुणा कोणी पुढारी असावा, अंगावर कोट होता. तो शेंगा सोलत होता आणि बोलत होता. अबेनाही सोलत होती आणि ऐकत होती. दोघांपैकी कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं. मध्येच तो माणूस थांबला, हातातली शेंग तशीच राहिली, आणि तो आपल्या मेलेल्या भावाविषयी काहीतरी सांगू लागला. अबेना गप्प. फक्त शेंगांचा आवाज.

मी मनालीला म्हटलं, "ही तर आमची रास."

मनाली म्हणाली, "पुढे ऐका." शेवटी अबेना कॅमेऱ्याकडे बघून बोलली आणि मनालीने मला समजावून सांगितलं. ती म्हणाली की लोक मला विचारतात, तू माणसांना बोलतं कसं करतेस. हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. गोव्यात एका बाईच्या काजूच्या राशीपाशी शिकले. ती बाई आता नाही. तिचं नाव मथुरा.

मी म्हटलं, पुन्हा लाव. मनालीने पुन्हा लावलं. परक्या जिभेवरून आलं तरी नाव स्पष्ट होतं. मथुरा.

माझ्या बायकोचं नाव पार्वती. घराच्या कागदांवर पार्वती, मतदानाच्या कार्डावर पार्वती, गावात पार्वतीवैनी आणि पार्वतीकाकी. माझं डोकं फिरलं. आमच्या घरचं मीठ खाल्लं, तिच्या हातची पेज प्यायली, आणि एवढ्या देशासमोर नाव घ्यायची वेळ आली तर नाव चुकीचं? कुठल्या तरी दुसऱ्या बाईचं? मनालीला म्हटलं, लिही तिला. लिही की नाव चुकलं आहे, दुरुस्त कर. माणूस गेल्यावर नावाशिवाय उरतं काय? तेही हिने दुसऱ्याला देऊन टाकलं.

मनालीने लिहिलं. उत्तर आलं, प्रवासात आहे, रविवारी फोन करते, आजोला नमस्कार. नावाविषयी अवाक्षर नाही. मला आणखी राग आला. रागाला एक फायदा असतो. त्या रात्री मी वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

अबेना आली तो हंगाम मला आठवतो तो धुळीने. मोप्याचं पठार तेव्हा फोडत होते. झाडं आडवी झालेली, ट्रक दिवसभर वर-खाली, आणि आमच्या काजूच्या पानांवर तांबडी धूळ. मी आयुष्यभर तसली धूळ उडवत फिरलो, तरी आपल्या झाडावर बसलेली बघवली नाही.

अबेना शिकायला गोव्यात आली होती आणि शिक्षण संपवून निकालाची वाट बघत होती. किनाऱ्याकडच्या गावांत तिला कोणी खोली देईना. काळा रंग बघितला की घरमालक सांगायचे, खोली कालच गेली. कोणीतरी तिला आमचा पत्ता दिला. मी अंगणात होतो. मीही तेच सांगणार होतो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात बायको मागून आली, तिच्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाली, "चलत इलंस? पाणी पी आदी." पाणी प्यायल्यावर खोली नाही म्हणणं कठीण असतं.

गावाला ते रुचलं नाही. बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राही, माणसं दांड्याला लोंबकळत पण बसत नसत. एकदा आम्ही पेडण्याच्या बाजारातून येताना बायकोने हे बघितलं. तिला बसायला आधीच चांगली जागा मिळाली होती, खिडकीची. ती उठली, पिशव्या उचलल्या आणि जाऊन अबेनाशेजारी बसली. वाटेत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. घरी येऊन मला म्हणाली, "थंय वारो बरो येय होतो." खोटं. त्या बाजूला ऊन होतं.

पंच आपाजी एका संध्याकाळी आला. चहा घेतला, हवापाण्याचं बोलला, मग मुद्द्यावर आला.

"सदा, लोक बोलतत."

मी म्हटलं, "काय बोलतत?"

"तसली माणसा गावात नको. कोण, खयची, काय धंदो करता, आमका काय ठावक?"

बायको आत तांदूळ निवडत होती. सूप घेऊनच बाहेर आली. म्हणाली, "आपा, काढूचा आसा तर हंगाम सरल्यार काढ. आता माजे हात पुरणत नाय. तुजी सून धाडतंस काय बियो काढूक?"

आपाजीची सून नखांना रंग लावून बँकेत जाते. तो चहाची बशी खाली ठेवून उठला. हंगाम संपल्यावर कोणी विषय काढला नाही. कारण तोवर अर्ध्या गावाच्या बायका त्या राशीपाशी अबेनासमोर बसून आपली दुःखं सांगून गेल्या होत्या. असल्या माणसाला गावाबाहेर काढणं गावालाच परवडत नाही.

रास म्हणजे काय, ते ज्याने काजू केला नाही त्याला सांगायला हवं. सकाळी झाडाखालचे काजू वेचून आणायचे आणि सावलीत ओतायचे. तो ढीग म्हणजे रास. मग भोवती बसून एकेक बोंड घ्यायचं, बी पिळून वेगळी करायची. बी एका टोपलीत, बोंड दुसरीत. बोंडं जातात रस काढायला, खडकात कोरलेल्या कुंडात पायांनी तुडवून. बी सुकायला उन्हात. काम सोपं, पण संपत नाही. हात चिकट होतात, त्यामुळे पदर सावरता येत नाही की फोन धरता येत नाही. बघायचं ते हाताकडे. आणि बाईमाणसाची नजर हातात गुंतली की तोंड आपोआप सुटतं. समोरचीच्या डोळ्यांत बघून जे आयुष्यभर बोलली नाही, ते ती राशीकडे बघून बोलते. आमच्या आयांनी असंच केलं, त्यांच्या आयांनी असंच. याला कोणी नाव दिलेलं नाही.

अबेना पहिल्या दिवशी बसली तेव्हा बायका तिच्या बाजूची जागा सोडून बसल्या. बायकोने दुसरी टोपली आणली आणि बरोबर त्या मोकळ्या जागेत रिकामी केली. आता काजूच तिथे असल्यामुळे सगळ्यांना सरकावं लागलं.

मुलगी हसतमुख, पण तिला एक खोड होती. प्रश्न विचारायची. नवरा काय करतो, मारतो का, मुलगी का नाही शिकली, तुम्हाला राग येत नाही का. मोडक्या कोकणीत, एकामागून एक, उत्तर संपायच्या आत पुढचा. तिला टीव्हीवर जायचं होतं ना. आपल्या देशातल्या टीव्हीवाल्यांना ती आवाज भरून पाठवायची आणि ते परत पाठवायचे नकार. एकदा एकाने लिहिलं होतं की तू विचारतेस फार, ऐकत नाहीस. ती मागल्या पायरीवर बसून रडत होती. बायको तिच्याजवळ गेली नाही. लांबून म्हणाली, "रडान झाल्यार ये. आज रास मोठी आसा."

त्या दिवशी राशीपाशी अबेनाने पुन्हा कोणाला तरी काहीतरी विचारलं आणि ती बाई गप्प झाली. तेव्हा बायको बोलली. मी तिथेच होतो, बोंडांची टोपली उचलत होतो, म्हणून मला शब्द आठवतात.

"विचारू नको गो चेडवा. बियो काढ. सांगूचा आसा ता आपसूक येता."

एवढंच. तिला यात काही शिकवायचं नव्हतं. काम अडत होतं.

त्यानंतर ती मुलगी गप्प बसायला शिकली. कठीण गेलं तिला. ओठ दातांत धरून बसायची, बायका हसायच्या. पण हळूहळू हात चालायला लागले, आणि मग एके दिवशी आपाजीची बायको, जी कधी कोणाशी धड बोलत नाही, ती आपल्या दगावलेल्या पहिल्या पोरीविषयी बोलली. अबेनाला अर्धी भाषा कळत नव्हती. तरी तिने मान वर केली नाही. बी काढत राहिली आणि तिच्या नाकावरून पाणी ओघळून राशीत पडत राहिलं.

तिच्या गावीही काजू होतो, हे तिनेच सांगितलं. पण तिकडे बी घेतात आणि बोंडं टाकून देतात, डोंगरच्या डोंगर. हे ऐकून बायकोला धक्का बसला. कितीतरी दिवस ती मध्येच थांबून म्हणायची, "सगळी बोंडा? फेकून?"

अबेना परत आपल्या देशात गेली तेव्हा आम्हाला वाटलं, पोहोचली की टीव्हीवर दिसेल. कसलं काय. टीव्हीवाल्यांनी सांगितलं, तुझा रंग फार काळा दिसतो, मलम लाव. स्वतःच काळी माणसं ती, तरी हे सांगतात. तिने लावलं नाही. आपल्या तालुक्याच्या गावी एका छोट्या रेडिओवर लागली. काम काय, तर मयताच्या बातम्या वाचायच्या. त्यांच्याकडे रेडिओवर सांगतात, अमुक गेला, अमुक दिवशी माती. बायकोला ती फोनवर हे सांगायची तेव्हा बायको कपाळाला हात लावायची, एवढी शिकून मसणातली नोकरी. पण त्या नोकरीतच तिचं नशीब होतं. मयताचे लोक बातमी द्यायला यायचे, आणि ही टेबलावर शेंगांची टोपली ठेवायची. लिहून घेईपर्यंत सोला म्हणायची. लोक सोलायचे आणि गेलेल्या माणसाविषयी बोलायचे. ते ऐकून रेडिओवाल्याने तिला सकाळचा कार्यक्रम दिला, मग मोठ्या शहरातल्या टीव्हीने बोलावलं. तिथला साहेब म्हणाला, टोपली चालणार नाही, शेंगांचा आवाज येतो. ही म्हणाली, मग मीही येत नाही. हे तिने बायकोला सांगितलं त्या दिवशी बायको दिवसभर हसत होती. "आवाज येता म्हणे! येवचोच!" ती शेवटची मनापासून हसलेली मला आठवते. पुढे आजार सुरू झाला. कार्यक्रम प्रत्यक्ष सुरू झालेला तिने बघितला नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. मुलगा दिलीप मुरगावला बंदरात नोकरीला आहे, तो म्हणाला, भटजींना मी सांगतो, तुम्ही फक्त मुळगावला मामांना आमंत्रण देऊन या. बसने निघालो.

मुळगाव हे बायकोचं माहेर. डिचोलीजवळ, खाणीच्या पायथ्याशी. मेव्हणा गोपाळ तिच्याहून थोडा मोठा, आता डोळे गेलेले. ओटीवर बसून असतो. समोर त्यांचं शेत होतं एके काळी. पावसात खाणीची माती वाहून आली आणि शेत लाल चिखलाखाली गेलं. अजून तिथे काही धड पिकत नाही. मी त्या खाणीचा ट्रक चालवला, तरी गोपाळने मला कधी त्यावरून बोल लावला नाही.

आमंत्रण दिलं. पाणी झालं. मग मी आपली तक्रार सांगायला बसलो, म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी ऐकणारं लागतं. म्हटलं, बघ गोपाळ, त्या आफ्रिकेच्या पोरीने टीव्हीवर तुझ्या बहिणीचं नाव घेतलं, आणि तेही चुकीचं. मथुरा म्हणाली.

गोपाळची मान वर झाली. आंधळा माणूस बघतो तसा, भलत्याच दिशेला बघत राहिला. मग म्हणाला, "आमची मथू."

मी पुढे सरकलो.

"आवय तिका मथू म्हणी. लग्नाच्या दिसा आवयन माका बाजूक घेतला आणि सांगला, आजपासून तिका मथू म्हणान हाक मारूची नाय. हाक मारलंस तर ती वळान बघतली. सासरच्यांका बरा दिसूचा नाय." मग म्हणाला, "म्हणान नाय मारली. कधीच."

परतीच्या बसमध्ये मला ते तांदळाचं ताट आठवलं. लग्नात आमच्याकडे नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने ताटातल्या तांदळावर बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. भटजी म्हणाले, सदाशिवाला पार्वतीच शोभते, लिहा. चौथी शिकलेला ड्रायव्हर मी, जोडाक्षर काढताना घाम फुटला. वऱ्हाडी हसत होते. ती खाली बघून बसली होती. बोटाखाली तांदूळ सरकत होते आणि माझं सगळं लक्ष अक्षरात. त्या नावाआधी तिला दुसरं नाव होतं, ते लग्न ठरवताना माझ्या कानावर पडलं असणारच. पण जे पुसूनच टाकायचं, ते कोण लक्षात ठेवतो? माझ्या आईचंही माहेरचं नाव मला माहीत नाही. गावात कोणालाच कोणाच्या आईचं माहीत नाही. यात कोणाचा गुन्हा नाही, रीत आहे. पण बस डिचोलीच्या चढावर घुसमटत होती आणि मला वाटत होतं, ज्या बाईबरोबर मी जन्म काढला ती आली होती कोण म्हणून?

आणि मी तर तिला पार्वतीही म्हटलं नाही. माझ्या वयाच्या माणसाने बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. मी "अगो" म्हणायचो. अगो, पाणी आण. अगो, चप्पल खंय. शेवटी हॉस्पिटलातही, डोळे मिटलेले असताना, मी अगो अगोच करत होतो. तिने उघडले नाहीत. आता मनात येतं, नावाने हाक मारली असती तर?

हा विचार एकदा आला की जात नाही.

रविवारी अबेनाचा फोन आला. मनालीने फोन मागल्या पायरीवर विटेला टेकवून ठेवला, समोर मी बसलो. तिकडे ती स्वयंपाकघरात असावी, मागे भांडी दिसत होती. रंगीत फडकं नव्हतं, केस बारीक कापलेले. मला बघताच तिने हात जोडले आणि म्हणाली, "आजो, बरो आसा?" आणि मग रडायलाच लागली. मी म्हटलं, रडून झाल्यावर बोल. ती रडता रडता हसली.

मी विचारलं, मथुरा हे नाव तुला कोणी सांगितलं. तिने सांगितलं ते काही कोकणीत, काही इंग्रजीत. इंग्रजीतलं मनालीने मला सांगितलं.

दुपारची वेळ होती. बायका जेवायला घरी गेल्या होत्या. राशीपाशी त्या दोघीच. अबेना आपल्या नावाचं सांगत होती. त्यांच्याकडे ज्या वारी जन्म झाला त्या वाराचं नाव ठेवतात. मंगळवारी जन्मलेली मुलगी ती अबेना. बायकोने विचारलं, आणि लग्न झाल्यावर? अबेना म्हणाली, तेच. मरेपर्यंत अबेना. मंगळवार बदलतो का?

"तिचे हात थांबले," अबेना म्हणाली. "रास असताना तिचे हात थांबलेले मी तेव्हाच बघितले." मग बायकोने हळू आवाजात सांगितलं, माझं नाव मथुरा. अबेनाला कळेना. तिने विचारलं, मग तुला कोणी त्या नावाने हाक का मारत नाही? बायको म्हणाली, हाक मारणारे मुळगावाक रवले.

आणि मग म्हणाली, तू मार बघू एकदा.

अबेनाने हाक मारली. वडीलधाऱ्या बाईला नावाने, तिची जीभ वळेना म्हणे. पण मारली. मथुरा.

मी विचारलं, "मग?"

अबेना म्हणाली, "तिने ओ दिली. मोठ्याने. जशी ती लांब कुठेतरी होती, आणि कोणीतरी अंगणातून बोलावत होतं." मग दोघी हसल्या, आणि बायका परत येताना दिसल्या म्हणून बायकोने पुन्हा काजू हातात घेतला.

फोनवर अबेनाने कुठून तरी एक वाटी पुढे ओढली आणि शेंगा सोलायला लागली. माझ्याकडे न बघता. टक, टक आवाज येत होता. माझ्यासमोर काहीच नव्हतं. मी मनालीला म्हटलं, जा, झाडाखालून काजू घेऊन ये. मिळतील तेवढे. ती गेली आणि ओटीत भरून घेऊन आली, अर्धे फुटके, माशा बसलेले. मी एक घेतला आणि बी पिळली. मग दुसरा.

किती वेळ गेला ठाऊक नाही. शेवटी मीच म्हटलं, "तिका वाईट वाटला आसतला काय गो? इतकी वर्सा?"

अबेनाचे हात चालत राहिले. म्हणाली, तिने मला ते नाही सांगितलं, आजो. मी विचारलं नाही.

फोन ठेवताना ती म्हणाली, आमच्याकडे रेडिओवर मयताची सगळी नावं वाचतात. आईने ठेवलेलं, नवऱ्याचं, बाजारात पडलेलं. एखादं राहिलं तर लोक भांडायला येतात. कार्यक्रमात दुरुस्ती करायची असेल तर तुम्ही सांगाल ते वाचेन. मी म्हटलं, दुरुस्ती नको. जे तिने तुला सांगितलं, ते तिचं तिने सांगितलं.

श्राद्धाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. गोपाळला त्याच्या नातवाने हाताला धरून आणलं. दिलीप उघड्या अंगाने पाटावर बसला, बोटात दर्भ. मी मागे खुर्चीवर. बाहेर काजूचा वास नुसता घमघमत होता. त्या दोन-तीन दिवसांत मी पडलेले काजू वेचायला घेतले होते आणि माझी बोटं काळी पडली होती.

भटजींनी दिलीपला म्हटलं, आईचं नाव घ्या.

दिलीप म्हणाला, "पार्वती."

मी मागून म्हटलं, "थांबा. मथुरा."

भटजींनी वर बघितलं. तरुण आहेत, नम्र आहेत. म्हणाले, "सदाशिवकाका, हे माहेरचं नाव का? ते लग्नात सुटतं. श्राद्धात सासरचंच घ्यायचं."

"सुटलं नव्हतं," मी म्हटलं. "माझ्या घरात राबली ती पार्वती, तिलाही वाढा. पण आधी मथुरेला बोलवा. ती आधी आली."

सून दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. तिलाही दिलीपने तांदळात नवं नाव लिहून आणलेलं. आणि मला आठवेना, तिचं माहेरचं काय ते.

दिलीप वळला. पन्नाशीला आलेला माणूस, पण तोंड लहान पोरासारखं झालं होतं.

"बाबा, मथुरा कोण?"

"तुजी आवय," मी म्हटलं.

ओटीवरून गोपाळचा हुंदका ऐकू आला. भटजींनी पुढे होऊन दिलीपच्या हातात पाणी घातलं आणि म्हणाले, म्हणा. दिलीप म्हणाला. हळू म्हणाला, नाव तोंडात बसलेलं नव्हतं त्याच्या.

मला ते पुरेना. मी खुर्चीवरून उठलो. आवाज राहणार नाही हे ठाऊक होतं. मागल्या दाराशी गेलो, जिथून डोंगर दिसतो, झाडं दिसतात, राशीची जागा दिसते. आणि तिची आई अंगणातून मारत असेल तशी मोठ्याने हाक मारली.

"मथू!"